वहिनींच्या स्प्रिंगा

स्वच्छतेची मला मुळात फारशी आवड नाही. पण दुसऱ्याच्या घरी गेलो आणि हात मोकळे असले की ती एकदम उफाळून येते. त्या शुक्रवारी दुपारी ती दादाच्या शेडमध्ये उफाळून आली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो फ्रिज दुरुस्त करतो. घरामागच्या त्याच्या शेडमध्ये एका बाजूला दारं काढलेले फ्रिज उभे असतात आणि दुसऱ्या बाजूला वहिनींची शर्यतीची गाडी. मी गेलो तेव्हा शेडमध्ये कोणी नव्हतं. बाकावर चार स्प्रिंगा ओळीनं ठेवल्या होत्या. काळ्या, वीतभर उंच, सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा. दोघींच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता, दोघींच्या डोक्यावर गुलाबी. पुतणीचे उद्योग, मी मनात म्हटलं. आईच्या महागाच्या वस्तूंवर कुणी नेलपॉलिश लावतं का? थिनरची बाटली शेजारीच होती, चिंधीही होती. मी चारही स्प्रिंगा अशा चकचकीत पुसल्या की नुकत्या कारखान्यातून आल्यासारख्या दिसू लागल्या. पुसताना शीळही घालत होतो.

शीळ संपायच्या आत वहिनी दारात उभ्या राहिल्या. अंगावर बसचालकाचा गणवेश, हातात डबा. त्यांनी बाकाकडे पाहिलं, चिंधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊजी, ठिपके कुठे गेले?"

"पुसले! अजिबात डाग राहू दिला नाही."

वहिनींनी डबा फ्रिजवर ठेवला आणि अगदी हळू आवाजात हाक मारली, "अहो, जरा बाहेर या. तुमच्या भावानं काम केलंय."

आमच्या घरात माझ्या नावापुढे 'काम' हा शब्द आला की दादा पायात चप्पल न घालता धावत येतो. तसा तो आला, आणि प्रकार कळल्यावर उलट्या बादलीवर बसला.

"लाल म्हणजे कडक, गुलाबी म्हणजे मऊ," तो मला म्हणाला. "खूण होती ती. आता यातली कुठली कोण, हे सांग बघू शहाण्या."

दिसायला चौघी सारख्याच होत्या. तारेच्या जाडीत केसाएवढा फरक असेल तर तोही जाड रंगाखाली दडलेला.

आता या स्प्रिंगांचं एवढं काय, हे सांगायला हवं. त्यासाठी वहिनी सांगायला हव्यात.

वहिनी शहराची बस चालवतात. पहाटेची पाळी, लांबचा मार्ग. बाकीचे चालक वेळेवर पोचण्यात भूषण मानतात. वहिनींचं माप निराळं आहे. उभ्या प्रवाशानं दांडी धरली की त्यांना आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं. त्यांच्या बसमध्ये लोक उभ्याउभ्या वर्तमानपत्राचं पान उलटतात. काठी टेकत येणाऱ्या एक आजी तर रिकामी जागा असली तरी बसत नाहीत. म्हणतात, "हिच्या गाडीत उभं राहिलं की माझे गुडघे बरे आहेत असं वाटतं."

अशा बाईनं चाळिशी उलटल्यावर शर्यतीत का उतरावं? डेपोतल्या एका मैत्रिणीनं एका रविवारी नेलं, त्यांनी एक फेरी मारली आणि गाडीतून उतरल्या त्या हसतच. लग्नाच्या फोटोतही त्या इतक्या हसलेल्या नाहीत, असं दादा सांगतो. त्या ज्या प्रकारात उतरतात त्यात सगळ्या गाड्या एकाच जातीच्या, जुन्या, छोट्या. इंजिन तेच, टायर तेच, नियमाबाहेरचा स्क्रूसुद्धा चालत नाही. म्हणजे हरल्यावर गाडीला दोष देण्याची सोय नाही. त्यामुळे या प्रकारात पुरुष जरा कमीच येतात, असं वहिनींचं म्हणणं.

नियमानं निवडीसाठी काय सोडलंय, तर पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा. कडक किंवा मऊ. बस्स. एवढ्याशा स्वातंत्र्यावर ही मंडळी वर्षभर वाद घालतात. कडक स्प्रिंगेवर गाडी वळणात कलत नाही, चाकाखालचं सगळं थेट हाताला कळतं. मात्र ते पाठीलाही कळतं. मऊ स्प्रिंग खड्डा गिळते, पण गाडी जरा डुलते. क्लबात सगळे कडकच लावतात, कारण सेकंदकाका कडक लावतात. सेकंदकाका हे निवृत्त औषधविक्रेते. गळ्यात कायम स्टॉपवॉच. बायकोनं चहा किती वेळात केला हेही ते सांगतात, आणि तरीही त्यांना चहा मिळतो याचं सगळ्यांना आश्चर्य वाटतं. मऊ स्प्रिंगेला ते 'पाळणा' म्हणतात. "वहिनी, पाळण्यात बसून कुणी जिंकलंय का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

म्हणून गेल्या हंगामात वहिनींनी कडक स्प्रिंगा लावल्या. दर शर्यतीनंतर दादा विचारी, "पाठ?" वहिनी म्हणत, "काही नाही." हंगामभर काही नाही, काही नाही, आणि मग एका सोमवारी शेवटच्या थांब्यावर वहिनींना बसच्या खुर्चीतून उठताच येईना. प्रवासी उतरून गेले होते. राहिल्या होत्या त्या काठीवाल्या आजी. त्यांनी आपली काठी पुढे केली. "घे. पण परत दे हो, मला घरी जायचंय."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बस चालेल, तिची खुर्ची चांगली आहे. पण या हंगामात पाठ पुन्हा धरली तर ती उड्या मारणारी गाडी कायमची बंद. वहिनी घरी आल्या आणि स्वतःच निकाल देऊन मोकळ्या झाल्या. पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सरावाला जायचं. पाठीनं तक्रार केली तर गाडी विकून टाकायची. रडायचं नाही, फोटो काढायचा नाही.

तो सराव दुसऱ्या दिवशी, शनिवारी होता. आणि मी शुक्रवारी थिनर हातात घेतला होता.

"शोधता येईल," दादा बादलीवरून उठत म्हणाला. त्यानं अडगळीतून आटे पाडलेली एक लांब सळई काढली, तिच्यात दोन स्प्रिंगा एकावर एक ओवल्या आणि दोन्ही टोकांना जाड चकत्या घातल्या. "वरून नट आवळत जायचं. जोर दोघींवर सारखाच येणार. जी जास्त दबेल ती मऊ. दोघी सारख्या दबल्या तर एकाच जातीच्या."

मला हायसं वाटलं. पण वहिनींनी हात वर केला. बस थांबवताना करतात तसा.

"शोधा. पण मला सांगू नका."

"म्हणजे?"

"कुठली जोडी कडक ते मला सांगू नका. उद्या एक लावा, मी चालवते. मग दुसरी लावा, मी चालवते."

"अगं, बसल्याबसल्या कळेल तुला!"

"कळेल तेव्हा कळेल. आधी कळायला नको. कडक आहे म्हटलं की मी दात आवळून बसते आणि काही नाही म्हणते. मऊ आहे म्हटलं की सेकंदकाकांचा पाळणा कानात घुमतो. पाठीला एकदा तरी कुणाचं न ऐकता बोलू दे."

वहिनी कपडे बदलायला आत निघून गेल्या.

दादानं सळईवर नट आवळले, जोड्या लावल्या आणि दोन पोत्यांत वेगवेगळ्या बांधल्या. आता माझ्या भावाची एक अडचण आहे. त्याच्या पोटात काही राहत नाही, आणि जे राहतं ते चेहऱ्यावर दिसतं. वाढदिवसाची भेट आणली की तो दोन दिवस आधीपासून घरात भिंतीकडे तोंड करून वावरतो. त्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून जेवला.

शनिवारी मैदानावर वारा होता. जुना धावपट्टीचा रस्ता, जागोजाग ठिगळं, आणि लांब वळणावर सिमेंटच्या लाद्यांच्या फटी. पहिली जोडी दादानं बसवली तेव्हा वहिनींना चहाला पाठवलं होतं. मला मात्र तिथंच थांबवलं होतं, पण हातात काही दिलं नव्हतं.

वहिनी बसल्या, पट्टे आवळले, गेल्या. गाडी वळणावर अशी सपाट गेली की सेकंदकाकांनी मान डोलावली. लाद्यांवर मात्र तिचा खडखडाट इथपर्यंत ऐकू आला. फेऱ्या संपवून वहिनी परत आल्या. दार उघडलं. आधी एक पाय बाहेर आला, मग बराच वेळ काहीच आलं नाही. मग हात छपरावर आला, आणि वहिनी त्या हातावर उठल्या. दुसरा हात कमरेवर गेला होता. त्यांनी तो लगेच काढला, पण आम्ही पाहिला होता.

दादानं विचारलं नाही. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं नाही.

सेकंदकाका घड्याळ नाचवत आले. "वा वहिनी! काय वेळ आहे! आता दुसरी जोडी कशाला? हीच ठेवा."

"काका," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही माझ्या बसमध्ये कधी उभे राहिलात का?"

"नाही बुवा."

"मग थांबा जरा."

दुसरी जोडी बसवायला वेळ लागला, कारण दादा प्रत्येक नट दोनदा तपासत होता. एकदा पान्हा पडला. मी उचलायला वाकलो तर तो खेकसला, "हात लावू नकोस!" मी खिशात हात घातले आणि तसाच उभा राहिलो. हीही जोडी बाधली तर आज संध्याकाळी शेडमधली ती बाजू रिकामी होणार होती, आणि तिथं दादा आणखी फ्रिज आणून ठेवणार होता. त्या जागी फ्रिज पाहायची माझी तयारी नव्हती.

वहिनी गेल्या. गाडी पहिल्या वळणाला जराशी कलली. "डुलतेय," सेकंदकाका म्हणाले. "पाळणा!" मग लाद्यांचं वळण आलं. मी डोळे मिटले. खडखडाट ऐकू आला नाही. डोळे उघडले तर गाडी लाद्यांवरून चाकं न उचलता सरकत निघाली होती, मांजर गादीवरून जावं तशी. मला ती चाल ओळखीची वाटली. कुठे पाहिली, ते आठवायला वेळ लागला. पहाटेची बस अशीच चालते.

वहिनी थांबल्या. दार उघडलं. एक पाय बाहेर आला, लगोलग दुसरा. उभ्या राहिल्या, हेल्मेट काढलं आणि हातमोजा खाली पडला. त्या वाकल्या, मोजा उचलला, झटकला, आणि सरळ झाल्या. इतक्या सहज की त्यांच्या स्वतःच्या लक्षातही आलं नाही.

आमच्या मात्र आलं. दादानं आमच्याकडे पाठ फिरवली आणि हातरुमालानं एक स्वच्छ पान्हा बराच वेळ पुसत राहिला. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याचा आवाजही झाला असावा, कारण वहिनींनी वळून पाहिलं.

"काय झालं सगळ्यांना? कोण गेलं का?"

"मोजा," दादा पान्हा पुसतच म्हणाला.

"मोजा काय?"

"उचललास."

वहिनींनी हातातल्या मोज्याकडे पाहिलं. मग हळूच कमरेला हात लावून बघितला, चूल विझली का बघावं तसा. आणि त्या हसल्या. दादा म्हणतो ते खरं आहे, फोटोत त्या तशा हसलेल्या नाहीत.

इकडे सेकंदकाका घड्याळ कानाशी धरून हलवत होते. "बिघडलंय," ते पुटपुटले. "आधीपेक्षा कमी वेळ दाखवतंय."

"लाद्यांवर चाकं जमिनीवरच राहिली ना काका," वहिनी म्हणाल्या. "मघाशी अर्धी वाट हवेत होते. हवेत वळता येत नाही. ही जोडी राहू दे. कुठलीही असो."

"मऊ! मऊ आहे ती! गुलाबी!" दादा एवढ्या जोरात ओरडला की पलीकडच्या गाडीखालचा माणूस बाहेर आला. कालपासून कोंडलेलं सगळं एकदम सुटलं होतं. सेकंदकाकांनी चष्मा पुसला, लाद्यांच्या वळणाकडे बराच वेळ पाहिलं आणि जाताजाता दादाला बाजूला घेऊन विचारलं, या पाळण्याची एखादी जोडी मिळेल का, बायकोला सांगू नका.

परतीच्या वाटेवर दादाची गाडी वहिनी चालवत होत्या, दादा शेजारी झोपला होता, मी मागे लाल ठिपक्यांच्या निवृत्त जोडीचं पोतं मांडीवर घेऊन बसलो होतो. मन हलकं झालं की माझी जीभही हलकी होते.

"वहिनी," मी म्हणालो, "म्हणजे मी ते ठिपके पुसले नसते, तर तुम्ही आजही कडकच लावल्या असत्या आणि गाडी विकली असती. विचार केला तर हे सगळं माझ्यामुळेच झालं, नाही का?"

वहिनींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"पुसायची एवढीच हौस असेल, भाऊजी, तर डेपोत माझी बस उभी आहे."