वाढलेली काच

मी नेमकं काय काम करते, हे चिखलीत आजही कुणाला एका दमात सांगता येत नाही. ‘ते काचावाली बाई’ एवढं सांगून लोक मोकळे होतात. मग कुणी शोकेसची फुटलेली काच घेऊन येतं, कुणी स्लायडिंगच्या खिडकीचं माप. मी रंगीत काचा जोडून चित्रांच्या खिडक्या करते, असं सांगितलं की उत्तर येतं, “म्हंजे तेच ना.” तेच, म्हणते मी. वाद घालणं सोडून दिलंय.

घरात हे काम खऱ्या अर्थाने एकाच माणसाला कळायचं, माझ्या सासऱ्यांना. मी त्यांना मामाजी म्हणते. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. मागच्या खोलीत माझं टेबल लागलं ते त्यांच्यामुळे. संध्याकाळी खुर्ची ओढून शेजारी बसायचे आणि बराच वेळ पाहून म्हणायचे, “हा निळा इथं खपत नाही बरं.” मला भयंकर राग यायचा. दुसऱ्या दिवशी मी तो निळा मुकाट्याने बदलायचे.

मग त्यांना काचबिंदू निघाला. त्या दुखण्याच्या नावात काच कुठून आली, देव जाणे. पण शब्द ऐकला तेव्हा मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. उजवा डोळा कुणाला कळायच्या आधीच गेला होता. डाव्याचं डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. डोळ्यातलं प्रेशर वाढू द्यायचं नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब, चुकवायचा नाही.

थेंब टाकायचं काम माझ्याकडे आलं. ते माझ्याच टेबलाशी येऊन बसत, मान मागे टाकत, आणि मी थेंब टाकायची. बाटलीही तिथेच, काचेवर रेघ मारायच्या चाकाशेजारी. एका संध्याकाळी डोळे मिटल्या-मिटल्याच ते म्हणाले, “माह्या खोलीच्या खिडकीले एक पळस करून दे. दिसून राह्यलं तोवर.”

चित्र त्यांनी स्वतः काढलं, जाड स्केचपेनने. झाडाची उजवी बाजू कागदाबाहेर, टेबलावर गेली होती. त्यांना कागदाची कड दिसलीच नव्हती. मी टेबलावरच्या रेघा पुसायच्या आधी दुसऱ्या कागदावर उतरवून घेतल्या आणि त्यांना काही बोलले नाही.

पळस फुलायच्या आत खिडकी लावायची असं मी ठरवलं होतं. ठरवायला काय जातं! आमच्या घरात कार्य नाही असा महिना जात नाही. अमडापूरला नणंदेच्या मुलीचं डोहाळजेवण, मग जावळं, मग कुणाची वास्तुशांत, संक्रांतीचं हळदीकुंकू तर घरचंच. मी चित्रकार, म्हणून रांगोळी माझी. मी धाकटी सून, म्हणून पंगतीत वाढणंही माझं. वाढून वाढून हात भरून आले की काच धरवत नाही. रेघ थरथरली की तुकडा वाकडा जातो. आणि कुठे जाणार नाही म्हणावं तर तेही येत नाही मला. त्या लेकी-सुना माझ्याही आहेत. डोहाळजेवणात गाणी सुरू झाली की मीच सगळ्यात मोठ्याने म्हणत असते. परत आल्यावर टेबलावर तसाच पडलेला अर्धा पळस दिसला की स्वतःचीच चीड येई.

बाहेर पळस फुलला, झडला. माझं झाड अजून बिनफुलांचंच होतं. आणि मोठ्या दिरांच्या मुलाचं लग्न निघालं, आमच्याच अंगणात.

आता काच कापणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. काच खरं तर कापत नाहीत. चाकाने तिच्यावर रेघ मारायची आणि दोन्ही हातांनी धरून त्या रेघेवर मोडायची. नीट मोडली की ‘कट्’ असा स्वच्छ आवाज येतो. मला तो आवाज फार आवडतो. देवक बसलं त्या सकाळी पाहुणे चहा पीत होते, मला अर्धा तास मिळाला होता, आणि तो आवाज मांडवापर्यंत गेला.

सासूबाई दारात आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. “घरात देवक बसलं अन् तू काच फोडून राह्यली?”

“फोडत नाही, आत्याबाई. कापून राह्यली.”

“आवाज त फुटल्याचाच आला.”

अंगणात तेव्हाच बांगड्या भरणं चाललं होतं. हिरव्या काचेच्या बांगड्या हातात चढवताना डझनाला दोन-तीन फुटतातच, आणि प्रत्येक फुटीला बाया हसून “वाढली, वाढली” म्हणत होत्या. आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. माझी जीभ वळवळली. “तिकडं फुटतात ते चालते का?”

“त्या वाढल्या,” आत्याबाई म्हणाल्या.

“मग माही बी वाढलीच म्हणा.”

हे बोलायला नको होतं. त्यांचे डोळे भरून आले. नातवाचं लग्न, आणि सून दारात शब्दांचे खेळ करतेय. मी शेजारी खुर्चीत बसलेल्या मामाजींकडे पाहिलं. ते माझी बाजू घेतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “राहू दे बाई. पाच दिवसानं काय होते? देवक उठलं का कर.”

आत्याबाईंनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोवली.

मग लग्न अंगावर आलं. हळद, व्याही-भोजन, वरात, सत्यनारायण. त्या पाच दिवसांत मी किती पानं वाढली, मोजदाद नाही. संध्याकाळी थेंबांची आठवण व्हायची, नाही असं नाही. हातात वरणाची बादली असायची. पंगतीच्या टोकाला मामाजी पाहुण्यांत बसलेले असायचे, मी तिथूनच विचारायची, “मामाजी, थेंब टाकले का?”

“हाव, टाकले,” ते मान हलवून म्हणायचे. अगदी मोकळ्या, प्रसन्न आवाजात.

कुणाकडून तरी टाकून घेत असतील, असं मी धरून चालले. आत्याबाईंना वाटलं, मी टाकतेय. सहाव्या दिवशी देवक उठलं, कुलूप निघालं. अर्धा पळस होता तसा होता. चाक होतं तिथेच होतं. आणि चाकाशेजारी थेंबांची बाटली होती.

मी ती हातात घेऊन उभी राहिले. मागे आत्याबाई होत्या. त्यांनीही पाहिली. मामाजींना विचारलं तर म्हणाले, “लग्नाच्या घरात किल्ली मांगत बसू का? तुमच्या दोघींची पुन्हा लागली असती.”

पुढे महिन्याभरात डाव्या डोळ्याची नजरही जायला लागली. डॉक्टरांना मी एकटीने गाठून विचारलं. त्या पाच दिवसांमुळेच असं झालं, असं म्हणता येत नाही, म्हणाले. दुखणंच पुढे गेलेलं होतं. म्हणता येत नाही. म्हणजे होय की नाही, ते मला अजून कळलेलं नाही आणि आता कुणी सांगू शकणार नाही.

त्यानंतर मी कुठल्याही कार्याला गेले नाही. बारशाला नाही, साखरपुड्याला नाही. लोक रुसले, बोलले. आत्याबाई माझ्या वाटचं करून आल्या, आणि एका अक्षराने बोलल्या नाहीत. त्यापेक्षा त्यांचं बोलणं परवडलं असतं. मी केशरी काचा मोडत राहिले, कडांना तांब्याची पट्टी लावत राहिले, कथील वितळवून सांध्यांना डाग देत राहिले. मन लावून केलेलं एवढं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं, आणि तो ‘कट्’ आवाज मला ऐकवतही नव्हता.

खिडकी बसवली त्या सकाळी ऊन थेट आत आलं. सगळा पळस फरशीवर उतरला, पलंगावर चढला, मामाजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर केशरी पडलं. ते खुर्चीत ताठ बसले होते, दाढी करून, जणू शाळेत तपासणी आहे. तोंड कपाटाकडे होतं.

मला विचारायचं नव्हतं. तोंडातून गेलं. “मामाजी, दिसून राह्यलं का?”

“हाव, दिसते ना,” ते मान हलवून म्हणाले. “लय झकास झाली. निळा कुठं खटकत नाही.”

तोच मोकळा, प्रसन्न आवाज. खिडकीत निळा तुकडा एकही नव्हता.

आत्याबाई पुढे झाल्या. त्यांनी मामाजींची खुर्ची हळूच खिडकीकडे वळवली.