विमलताईंचा काळा मसाला

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ तर नाहीच. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोर बसून डोळ्यांत बघणारं माणूस असतं तर मी पुन्हा विषय बदलला असता — त्यात मी पटाईत आहे.

माझ्या हातचा काळा मसाला आमच्या सगळ्या नात्यात नावाजलेला. कन्नडहून कुणी संभाजीनगरला आलं, की जाताना डबा भरून नेणारच. कुणाकडून शिकलीस असं विचारलं की मी म्हणायची, आईकडून. माझी आई मी नववीत असताना गेली. तिला मसाला भाजताना पाहिल्याचं मला आठवतसुद्धा नाही. पण गेलेल्या आईचं नाव घेतलं की पुढे कुणी खोदून विचारत नाही. सोयीचं होतं ते.

मला शिकवलं विमलताईंनी. सिडकोत आमचं घर आणि त्यांचं घर, मधे एकच भिंत. त्या शाळेत शिक्षिका, बौद्ध. आम्ही कन्नडकडचे जमीनवाले. लग्न होऊन आले तेव्हा माझा मसाला दरवर्षी कडू व्हायचा, कारण मी सगळे जिन्नस एकाच कढईत, एकदम ओतायची. मागच्या अंगणातल्या बुटक्या भिंतीवरून त्यांनी हे दोन उन्हाळे पाहिलं आणि तिसऱ्या उन्हाळ्यात सरळ माझ्या स्वयंपाकघरात आल्या. "अगं बाई, धण्याइतका वेळ दगडफुलाला दिला तर त्याची राख व्हणार नाय तर काय," म्हणाल्या आणि उलथनं माझ्या हातातून काढून घेतलं. कांदा उन्हात कडकडीत वाळवायचा. खोबरं काळसर होऊ द्यायचं, पण धूर सुटायच्या आधी थांबायचं. दगडफूल सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून, नुसत्या तापल्या कढईत. शिकवताना रागवायच्या. मला ते आवडायचं — हक्कानं रागवणारं मला दुसरं होतं कोण?

बावीस उन्हाळे आम्ही मिळून मसाला केला. मैत्रीण म्हणू का त्यांना? म्हणायला जीभ धजत नाही.

मग माझ्या मुलीचं, ऋतुजाचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नघरात आधी येसर करतात — बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून दळायची, त्यात काळा मसाला घालायचा, आणि त्याची आमटी मांडवात वाढायची. घरच्या नि जवळच्या सवाष्णी मिळून हे काम करतात. विमलताईंनी आठ दिवस आधीच गच्चीवर कांदा वाळत घातला. मी अजून बोलावलं नव्हतं. बोलवावं लागेल असं त्यांच्या मनातही आलं नसणार.

माझी नणंद येणार होती, दोन जावा येणार होत्या. विमलताईंचा हात लागलेला येसर त्या मांडवात वाढू देतील का — ही एक भीती. ती मी मनाशी घोकत राहिले, कारण तिचा दोष दुसऱ्यांवर ढकलता येत होता. खरी भीती वेगळीच. विमलताईंनी उलथनं हातात घेतलं असतं तर पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं असतं, कोण कुणाकडून शिकलंय ते.

म्हणून मी भिंतीवरून म्हणाले, "ताई, येसर कन्नडलाच करायचा ठरलाय. वन्संचा हट्ट."

"बरं झालं की. तिथं जागा लई," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन वाळलेल्या कांद्याचा डबा घेऊन आल्या. "एवढं ने संगं. तिकडं कुणी वाळवला नसंल."

मी घेतला. घेतला, आणि तोच वापरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्याच स्वयंपाकघरात बायका जमल्या. खिडक्या मी लावून घेतल्या होत्या. पण लाल मिरची भाजायला लागलं की खिडकी लावून काय होणार? सगळ्यांनाच ठसका लागला. नणंदेनं मागचं दार सताड उघडलं. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं — एकदा, मग पुन्हा, दाबून. ते खोकणं मला न ओळखू येण्यासारखं नव्हतं.

"शेजारी कोण ऱ्हातं गं?" नणंदेनं विचारलं.

"हायत कुणीतरी. लई वळख नाय," मी म्हणाले. दार उघडं होतं आणि मी आवाज जरासुद्धा खाली आणला नाही. आणला असता तर नणंदेला शंका आली असती.

पलीकडचं खोकणं थांबलं. थोड्या वेळानं त्यांच्या मागच्या दाराची कडी लागल्याचं ऐकू आलं.

लग्नाला त्या आल्या. अक्षता टाकल्या, ऋतुजाला जवळ घेतलं, पंगतीत जेवल्या. आमटीबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी कांदा वाळवलाच नाही. "आता आम्हा दोघांना कितीसा लागतो," म्हणाल्या. भांडल्या असत्या तर! नंतरची सात वर्षं आम्ही भिंतीवरून एवढंच बोललो, की नळाला पाणी कधी येणार. मग मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. तिथेच त्या वारल्या, ते मला पंधरा दिवसांनी तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

तुम्ही म्हणाल, सासरचा धाक असतो, बाईमाणसानं करायचं काय? थांबा. अजून आहे.

आता या घरात मी एकटी. हे गेले, नणंद गेली, जावांचं येणं-जाणं तुटलं. मी कुणाच्या हातचं खाते, कुणाशी बोलते, विचारायला कुणी उरलं नाही. मागच्या महिन्यात ऋतुजाचा फोन आला, मसाला लिहून घ्यायला. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. दगडफुलापाशी ती थांबली.

"आई, विमलमावशी पण असंच करायच्या ना, गॅस बंद करून? तुला त्यांनी शिकवलं का गं?"

कुणाची भीती होती मला? भर दुपारी, रिकाम्या घरात? नुसतं एक 'हो' म्हणायचं होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "त्यांना मीच शिकवलं."

"हो का? थांब, हेही लिहून ठेवते," ऋतुजा म्हणाली. आणि तिनं लिहून ठेवलं.