दांड्या वर, दांड्या खाली

बँडमास्तरांनी माझ्या नवऱ्याच्या तोंडातली क्लॅरनेट भर वरातीत ओढून घेतली. ओठ फुटला. कापड्यांच्या मुलाचं लग्न होतं, नवरीकडून आमचं नातं, म्हणून मी बायकांत उभी होते. मास्तर म्हणाले, "दुसऱ्याचं वाजवतोस नि आपलं सोडतोस. ऐकू येत नाय काय तुला?" वऱ्हाड हसलं.

नव्हतंच येत. त्याचे कान जाऊन दोन वर्षं झाली होती, पण हे फक्त मला आणि मुलीला ठाऊक होतं. बाकीचे बँडवाले ऐकून वाजवायचे, कागद नावाला समोर. हा एकटाच खरोखर कागद वाचून वाजवायचा, म्हणून निभत होतं.

दोन क्लॅरनेटवाल्यांचा सवालजबाब एकाच कागदावर लिहायची आमच्या बँडात रीत होती. पाच आडव्या रेघा, त्यावर स्वरांचे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला उभी दांडी. दांडी वर असेल तर पहिल्याने वाजवायचं, खाली असेल तर दुसऱ्याने. नवरा दुसरा.

जुना कागद घामाने विरला, तेव्हा त्याने मुलीला तो कॉम्प्युटरवर उतरवायला सांगितला. महाडला ती ज्या क्लासात जायची तिथे स्वर लिहायचा प्रोग्रॅम होता. ठिपके तिने बरोबर टाकले. दांड्या मात्र प्रोग्रॅमने आपल्या मनाने काढल्या. वरच्या रेघांवरच्या स्वरांना खाली, खालच्या रेघांवरच्या स्वरांना वर. कोणता स्वर कोणाचा हे त्याला काय माहीत. मुलीला फरक दिसला. बापाला विचारायचं तर आळीला ऐकू जाईल एवढं ओरडावं लागलं असतं, म्हणून तिने मला विचारलं. मी चौथी शिकलेली. तरी सांगून मोकळी झाले, "ठिपके जागेवर हायत ना? मग दांड्यांचं काय घेऊन बसलीस गो."

वरातीत त्याने तोच कागद वाजवला. कान गेलेत हे तिथेच सगळ्यांना कळलं, आणि मास्तरांनी त्याचा जरीचा कोट उतरवला आणि त्याला भोंग्याची हातगाडी ढकलायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मुलीने मला क्लासात नेऊन दाखवलं. स्वर निवडला, एक कळ दाबली, दांडी उलटी झाली. एवढंच होतं. चूक माझी असून मी तिथेच तिच्या थोबाडीत मारली. ती एकेक दांडी फिरवत बसली आणि नवा कागद काढून दिला.

तो मी मास्तरांकडे नेला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला.

"कागद बरोबर हाय," ते म्हणाले. "आता त्याचे कान नवे आणा वहिनी, मग बघू."

नवऱ्याने दोन लग्नसराया गाडी ढकलली. बँडवाले म्हणायचे, भोंग्याला जोडीदार झकास मिळाला, एक नुसता ओरडतो, दुसऱ्याला ऐकू येत नाय. दांड्यांचं खरं मी त्याला कधीच सांगितलं नाही. ओरडून सांगावं लागलं असतं.

तिसऱ्या लग्नसराईआधी तो वारला. पुढे मास्तरही गेले. मी आणि मुलगी राहिलो.