चार मशीनं आणि एक माप

आमच्या ऑफिसात चहा संपतो, साखर संपते, किस्से काही संपत नाहीत. दोष आमचा नाही, मशीनांचा आहे. मी जळगावच्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत इंजिनीअर आहे. सावदा, भडगाव, धुळे असा आमचा पसारा. ठिकठिकाणी स्विच, म्हणजे डेटा पुढे धाडणारी मशीनं, बसवलेत, आणि स्विचचा प्रत्येक पोर्ट, म्हणजे वायर खोचायची जागा, सतत मोजत असतो: डेटाची किती पॅकेटं आली, किती गेली, त्यांत बाइट किती, आणि किती वाया गेली. त्या मोजणीला काउंटर म्हणायचं. स्विच चार कंपन्यांचे, आणि चौघांची मोजायची तऱ्हा वेगळी!

*

एकदा जळगावहून डेटा निघाला, सावद्याला पोचला, आणि पोचताना वाढला! आमच्या पुण्याच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी फोन करून मला विचारलं, वाटेत भर कोण घालतं? मी तासभर डोकं धरून बसले. सावद्याचा आमचा टेक्निशियन प्रमोद केळीवाल्या घरातला. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे एक व्यापारी घड दांड्यासकट तोलतो, दुसरा दांडा काढून. तसंच असेल बघा."

तसंच निघालं की! प्रत्येक पॅकेटच्या शेवटी तपासणीचे चार बाइट असतात. सावद्याचं मशीन ते धरायचं, जळगावचं सोडायचं. मग आम्ही नियमच केला: सगळीकडे दांड्यासकट. जे मशीन सोडतं, त्याच्या आकड्यात पॅकेटमागे चार मिळवायचे. आमच्या फाइलमध्ये त्या ओळीसमोर अजून 'दांडा' असंच लिहिलंय, आणि मी ते कोणाला खोडू देत नाही.

*

भडगावचा आकडा एका दुपारी वाढता वाढता धाडकन खाली आला. रिपोर्टात आलं, भडगावने उणे डेटा वापरला. म्हणजे अख्ख्या गावाने इंटरनेट परत केलं! साहेब हैराण. मी तिथल्या ऑपरेटर अक्कांना घाबरत फोन लावला. अक्का शांत.

"बठ्ठं चालू शे. आकडा भरी गया."

अगदी बरोबर, सगळं चालूच होतं. जुना काउंटर चारशे एकोणतीस कोटींच्या आसपास भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. मोठा काउंटर त्याच मशीनमध्ये होता, आम्ही तो कधी मागितलाच नव्हता.

*

धुळ्याच्या नानांचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नाना आमचे सगळ्यात जुने लाइनमन. दर महिन्याच्या रिपोर्टात 'एरर'च्या, म्हणजे वायरीत खराब झालेल्या पॅकेटांच्या, खान्यात धुळे पहिलं. नानांनी सगळ्या जोडण्या तीनदा नव्याने केल्या, आकडा ढिम्म हलला नाही. शेवटी साहेबांनी ठरवलं, नानांना लाइनवरून काढून तक्रारींच्या फोनवर बसवायचं. नानांची बोली अहिराणी; मीटिंगमध्ये ते साहेबांशी शुद्ध मराठीत बोलायला जायचे, अडखळायचे आणि गप्प बसायचे. मला ते फार लागायचं.

आमच्या स्टोअरला आबा आहेत. उभी नोकरी वरणगावला कारखान्यात गेज लावून मापं तपासण्यात गेली. त्यांनी मला एवढंच विचारलं, "माणूस बदलताय, पण माप तपासलं का?"

मग आबांनी चारही जातींचे स्विच टेबलावर मांडले. हातभर नवी कोरी वायर. प्रत्येकातून आधी मोजून हजार पॅकेटं सोडली, सगळ्यांनी हजार मोजली. मग मुद्दाम, झेपणार नाहीत इतकी सोडली. आणि नव्या कोऱ्या वायरीवर धुळ्याच्या जातीचा स्विच एरर दाखवायला लागला! जागा नाही म्हणून टाकून दिलेली चांगली पॅकेटंही तो खराब पॅकेटांतच धरत होता. बाकीचे स्विच अशा टाकलेल्या पॅकेटांचा खाना वेगळा ठेवतात.

मी नानांना फोन केला. टेबलावर काय निघालं ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मनी वायर चांगली शे ना, ताई?" त्यांची वायर पहिल्यापासून चांगलीच होती; मला रडूच आलं.

*

इथरनेटच्या, म्हणजे आमच्या या वायरींच्या जाळ्याच्या, काउंटरांची जगाने मान्य केलेली एक यादी आहे. नीट मागितलं तर बहुतेक मशीनं त्याच यादीप्रमाणे आकडे देतात. प्रमोद, आबा आणि मी महिनाभर खपलो आणि सगळे स्विच त्या एका यादीवर आणले. खानदेशातल्या तीन माणसांनी, कोणाचं ट्रेनिंग न घेता! मला अभिमान वाटतो, आणि सांगायला मी लाजत नाही.

नवा रिपोर्ट दाखवायच्या मीटिंगला साहेब पुण्याहून स्क्रीनवर होते, नाना धुळ्याहून. धुळ्याच्या खराब पॅकेटांच्या खान्यात शून्य. साहेब म्हणाले, मोजायची पद्धत बदलली की कोणाचंही शून्य करता येतं. आबा म्हणाले, मग हीच यादी तुमच्या पुण्याच्या ऑफिसलाही लावून बघू. साहेब म्हणाले, लावा.

पुण्याच्या मशीनकडून खराब पॅकेटांचा खाना आजवर कोणी मागितलाच नव्हता. मी तो मागितला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुणे पहिल्या नंबरवर जाऊन बसलं.

तेवढ्यात धुळ्याचा माईक चालू झाला. नानांनी शुद्ध बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"साहेब, त्या वायरले कोणी हात नका लावू. मी पुण्याले येस."