सत्तर दिवसांचं पुस्तक

"मॅडम, हे अजून दोन महिने पायजे. रिन्यू करून द्या," म्हणत सुनीता मेश्रामने पुस्तक काउंटरवर ठेवलं.

रिन्यू म्हणजे मुदत वाढवणं. आमच्याकडे पुस्तक पंधरा दिवसांसाठी मिळायचं, वाढवलं तर आणखी पंधरा. दोन महिने कोणी मागत नसे. मी सहज विचारलं, "एवढं काय आहे त्यात?"

"सत्तर दिवस थायरॉइडची गोळी बंद ठेवाची आन काढा घ्याचा, असं लिवलं हाय ना जी. माहे बारा दिस झाले." मग आवाज खाली आणून, हसत म्हणाली, "आन मले दिवस राह्यले. दुसरा महिना हाय. मांगच्या टायमाले टिकलं नाई. या टायमाले टिकन."

मी पुस्तक जवळ ओढलं. ते पुस्तक तिला मीच दिलं होतं.

यवतमाळच्या एका जुन्या वाचनालयात मी तेव्हा ग्रंथपाल होते. कापसाची ती वाईट वर्षं. वाचनकक्षात पेपर उघडला की माणसं आधी कापसाच्या बातमीवर जात आणि मग गप्प बसत. कोणी थकलं, कोणाचा आवाज बसला, कोणाला काही सुचेनासं झालं, तर सगळ्यावर एकच निदान होतं, टेन्शन. सुनीतालाही घरच्यांनी वर्षभर तेच ऐकवलं. ती लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला होती. भर मे महिन्यात शाल पांघरून कामावर जायला लागली, तेव्हा सोबतच्या बायकांनी तिला धरून दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, थायरॉइड निघाला, गोळी सुरू झाली. ती माणसात आली.

पण गोळी का, किती दिवस, सवय तर लागणार नाही ना, हे तिला कोणी सांगितलं नाही. "लाइन मोठी असते जी. इचारासाठी तोंड उघडलं का पुढचा नंबर आत येते," असं ती म्हणाली होती. म्हणून ती माझ्याकडे आली आणि सोप्या मराठीतलं थायरॉइडचं पुस्तक मागितलं.

ग्रंथपाल पुस्तक कसं निवडतो, ते सांगते. पुस्तकाच्या शेवटी एक कागद चिकटवलेला असतो, डेट स्लिप. पुस्तक बाहेर गेलं की त्यावर तारखेचा शिक्का पडतो. शिक्के भरपूर, म्हणजे पुस्तक चालणारं. मी दोन पुस्तकांच्या स्लिपा पाहिल्या, भरलेल्या स्लिपेचं पुस्तक उचललं आणि म्हणाले, "हे ने. खूप लोक नेतात." वीस वर्षांच्या नोकरीचं शहाणपण ते एवढंच.

आता ते पुस्तक मी पहिल्यांदा उघडून पाहिलं. लेखकाच्या नावापुढे डिग्री नाही. प्रकाशकही तोच आणि पत्ताही त्याच्या घरचा. छापल्याचं वर्ष कुठेच नाही. शेवटच्या पानावर काढ्याची पावडर मागवायचा फॉर्म होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? दुसऱ्याला पुस्तक कसं पारखावं हे शिकवणारी बाई मी, आणि शेवटचं पान मीच वाचलेलं नव्हतं. स्वतःचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता.

"गोळ्या कुठे आहेत?"

"पर्समंदीच हाय जी. फेकवल्या नाईत."

बाटलीच्या खोक्यात घडी घातलेला कागद होता. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. जुने पेपर वाचायला ठेवलेलं भिंग आणलं आणि गरोदरपणाचा परिच्छेद शोधला. औषध थांबवू नये, डॉक्टरांना लगेच कळवावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी मराठीत वाचून दाखवलं. सुनीता पोटावर हात ठेवून खाली बसली.

शेजारच्या इंटरनेट कॅफेत पळत गेले. थायरॉइड टाइप केलं, तर पानंच्या पानं निघाली. एक सांगे कोबी सोडा, दुसरं सांगे मीठ सोडा, तिसरं बरं करायची हमी देऊन वर काहीतरी विकत होतं. त्यात खरंही असणार, पण ते निवडत बसायला वेळ नव्हता. सहायकाच्या हाती काउंटर दिलं आणि सुनीताला ऑटोत घालून सरकारी मेडिकलच्या ओपीडीत गेले.

तिथल्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या होत्या. केसपेपर पाहून त्यांनी मान वर केली.

"गोळी बंद करायला कोणी सांगितलं?"

सुनीता माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हणाले, "मी."

"तुम्ही कोण?"

"ग्रंथपाल. चुकीचं पुस्तक दिलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी खुर्ची सुनीताकडे वळवली. "हे बघ ताई. गळ्यातली ग्रंथी जे तयार करत नाही, ते ही गोळी भरून काढते. ही नशा नाही, सवयही नाही. पोटातल्या बाळाला पहिले काही महिने तुझ्याच रक्तातून ते मिळतं. म्हणून या दिवसांत गोळी बंद करायची नाही, उलट जास्तच लागते. आज रक्त दे. गोळी आत्तापासून सुरू."

"बाळाले काही झालं असन का?" सुनीताने विचारलं.

"ते आज मी सांगू शकत नाही. बारा दिवसांत परत आलीस, हे चांगलं झालं."

डॉक्टर दोन्ही बाजूंनी खरं बोलल्या, म्हणून मला त्यांचा भरवसा वाटला. माझ्या पर्समध्ये कॅटलॉगची कोरी कार्डं असतात. एक काढलं आणि प्रश्न सुरू केले. कशी घ्यायची? सकाळी उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी? चार तासांचं अंतर ठेवून. कोबी? शिजवलेला, नेहमीएवढा खा. तपासणी? गरोदरपणात साधारण दर महिन्याला. मागे लाइन कुरकुरत होती. वीस वर्षं सांभाळलेला भिडस्तपणा मी सुनीतासाठी सोडला आणि कार्ड पुढे केलं.

"यावर तुमची सही आणि तारीख हवी."

"कशाला?"

"कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं, हे नसेल तर माझ्या लेखी ती माहिती नाही."

त्या हसल्या आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या कार्यवाहांकडे गेले. वाचनालयाचा कारभार ते पाहत. रिटायर्ड हेडमास्तर, सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणत. पुस्तक कपाटातून काढायचं, म्हणून मी मंजुरी मागितली.

"काहून काढायचं? आरोग्य विभागात सगळ्यात जास्त चालते ते. आन आपलं वाचनालय हाय, दवाखाना नाई."

मी देवघेवीचं रजिस्टर त्यांच्यासमोर उघडलं. डेट स्लिपवर फक्त तारीख असते, कोणी नेलं ते रजिस्टरमध्ये असतं. स्लिपवर एकतीस शिक्के होते. त्यातले बावीस एकाच सभासद क्रमांकाचे निघाले. तो क्रमांक अण्णासाहेबांचा होता.

त्यांनी चष्मा पुसला. "घरी आमच्या मंडळींना आहे तो त्रास," एकदम शुद्ध भाषेत म्हणाले.

"गुण आला का त्यांना?"

"आला असता तर बावीसदा कायले नेलं असतं?"

मग त्यांनी मंजुरीच्या कागदावर सही केली आणि डॉक्टर मॅडमची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारलं.

उरलेले नऊ शिक्के सात सभासदांचे होते. सुनीतासोबत मी बोललेच होते. बाकी सहा जणांना त्याच दिवशी पोस्टकार्डं टाकली. अमुक पुस्तकातली माहिती धोक्याची आहे, गोळी सोडली असल्यास डॉक्टरांना भेटा, आमच्याकडून चूक झाली. "आमच्याकडून" वर अण्णासाहेब अडले, पण मी तो शब्द काढला नाही. चार जणांची उत्तरं आली. दोघांनी गोळी सोडली होती, दोघांनी पुस्तक वाचलंच नव्हतं. न वाचणाऱ्यांचा मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता.

सुनीताचे पुढचे महिने मी कॅलेंडरवर मोजले. दर महिन्याला ती रिपोर्ट घेऊन आधी डॉक्टरांकडे आणि मग माझ्याकडे यायची. मला त्यातला आकडा कळत नसे, तिचा चेहरा कळायचा. दोनदा गोळीची मात्रा वाढली. पाचवा महिना उलटला, सातवा उलटला. मुलगी झाली, दिवस पूर्ण भरून. डॉक्टरांनी बाळाचंही थायरॉइड तपासून घेतलं. ते ठीक निघालं.

दोन महिन्यांनी सुनीता पोरीला घेऊन वाचनालयात आली. मी पोरीला घेतलं आणि काउंटरवरच रडले. सुनीताने मला रडू दिलं, मग विचारलं, "मॅडम, आता कोणतं पुस्तक देता?"

"गोष्टींचं देते," मी म्हणाले. "गोळीचं काही विचारायचं असलं, तर लाइनीत उभी राहा. पुढचा नंबर आत आला तरी खुर्ची सोडू नको."