राजूरच्या दिव्याला एक तारा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आता सांगतोय म्हणजे मन भरून आलंय, डोळे पाणावलेत, असं काही समजू नका. मला चीड आलीय. कुणाची, ते येईलच पुढे.

मी वणीचा. एका शाळेच्या कचेरीत चौतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा जुन्या वस्तू विकायला लागलो. अडकित्ते, कुलपं, घड्याळं, दौती. लिलावाच्या एका साइटवर फोटो टाकायचा, लोक बोली लावतात, ज्याची बोली मोठी त्याला कुरियर करायचं. मग तो तुम्हाला तारे देतो. पाच दिले तर तुम्ही देवमाणूस, एक दिला तर चोर. खाली दोन ओळींचा शेरा.

ही पद्धत न्यायाची आहे असं कुणी म्हणालं की माझं डोकं सणकतं. मला एकानं दोन तारे दिले — का, तर कुरियरवाला उशिरा आला. त्यात माझा काय दोष? विकणाऱ्याचं नाव, गाव, सगळं उघड्यावर. आणि शेरा मारणाऱ्याचं? पहिलं अक्षर, पुढे नुसत्या फुल्या. चारशे शेरे जमलेल्याला एक तारा म्हणजे डास चावला. ज्याचे बाराच आहेत तो त्याच एका ताऱ्यानं आडवा होतो. बरं, विकणाऱ्याला खुलासा देता येतो — पण एकदाच. टाकला की बदलता येत नाही, पुसता येत नाही. आमच्या कचेरीत मेमो मिळाला तरी वर दाद मागता यायची.

हे सगळं मला इतकं बारीक कसं माहीत? मी ते वापरलंय.

सुलोचनाबाई राजूरच्या. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, कोळशाच्या खाणीत दिवे सांभाळायच्या खोलीत होते. खाणीनं जुने पितळी दिवे भंगारात काढले तेव्हा त्यांनी तीसेक घेऊन ठेवले, एकेक उघडून दुरुस्त केला. ते वारले. बाई दिवे घेऊन माझ्याकडे आल्या, कारण कुणीतरी सांगितलं की वणीतले एक बाबू असलं काही विकतात. मी म्हटलं, ठेवा इथे, विकून देतो.

"नाही भाऊ," त्या म्हणाल्या, "आमच्या मालकाचे दिवे हायेत. माह्या नावानं जाऊ द्या. तुमी फक्त शिकवा."

शिकवलं. खातं काढून दिलं, फोटो कसा घ्यायचा ते दाखवलं. एक गोष्ट मात्र त्यांनी ऐकली नाही. जुन्या वस्तूंच्या शौकिनांना पितळ काळपटच लागतं, ते घासायचं नसतं. बाई प्रत्येक दिवा चिंच आणि राखेनं घासून लख्ख करायच्या, आत स्वतः वळलेली कोरी वात घालायच्या. मी टोकलं, तर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरी जाणारं भांडं काळं कसं पाठवाव? अन् वातीबिगर दिवा देत असते का कोणी?"

मला वाटलं, आपटतील. आपटल्या नाहीत. बारा दिवे गेले, बाराही जणांनी पाच-पाच तारे दिले. कोलकात्याचं एक गिऱ्हाईक वर्षभर माझ्याकडून घेत होतं, ते त्यांच्याकडे वळलं. साइटवर 'खाणीचा दिवा' शोधलं की वर त्यांचं नाव, खाली माझं. तुम्ही म्हणाल, मत्सर. हो, मत्सरच. आणखीही एक सांगतो, इथवर आलोच आहे तर. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कचेरीत. आणि खाणीतल्या माणसाची सातवी शिकलेली बायको माझ्या वर — हे मला गिळवत नव्हतं. मी आयुष्यभर सभांमधून समतेवर टाळ्या वाजवल्यात, अगदी पुढच्या रांगेत बसून.

मेव्हण्याच्या नावानं खातं काढलं. त्या नावानं बोली लावून त्यांचा तेरावा दिवा घेतला. तो नागपूरला मेव्हण्याच्या पत्त्यावर गेला, मी एसटीनं जाऊन घेऊन आलो. दिवा खरा होता. बुडाला खाणीचा नंबर ठोकलेला, अंगठ्याखाली झिजलेला. मी तो चांगला दोनदा पाहिला आणि मग इंग्रजीत लिहिलं — नकली माल, नवीन बनवलेला, पितळ पाहा कसं चमकतं, वातसुद्धा कोरी. एक तारा.

इथे थांबलो असतो तर? तर ही गोष्ट मी सांगितलीही नसती. असे खोटे शेरे लोक उठता-बसता मारतात.

तिसऱ्या दिवशी सुलोचनाबाई दारात. बायकोनं चहा ठेवला. तोवर त्या आमचा पेपर वाचत बसल्या, पहिल्या पानापासून, ओळीवर बोट ठेवून, सगळा. मग फोन माझ्यापुढे धरला. तो शेरा मीच त्यांना मराठीत वाचून दाखवला.

"भाऊ, यानं काहून असं लिहिलं असन? आमच्या मालकानं जलमभर दिव्यात खोट केली नाही. मले इंग्रजी जमत नाही. तुमी खुलासा लिहून द्या."

मी लिहिला. त्यांच्या फोनवर, त्यांच्या नावानं. काय लिहिलं? — आपण नाराज झालात याबद्दल माफी असावी. दिवा नवीन बनवलेला होता, सांगायचं राहून गेलं. पुन्हा असं होणार नाही.

"काय लिहिलं भाऊ?"

"दिवा खरा आहे, म्हणून लिहिलं."

बाईंनी मान हलवली आणि स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. बायको बशी घेऊन बाजूलाच उभी होती. मी चहा प्यायलो.

त्यानंतर त्यांच्या दिव्यांवर बोली लागली नाही. कोण लावेल? विकणारीनं स्वतःच कबूल केलं होतं. दोन महिन्यांनी त्या पोत्यात उरलेले दिवे घेऊन आल्या. मालकाच्या नावावर डाग लागला, म्हणाल्या, मले आता फोन उघडावासा वाटत नाही. आणि मग म्हणाल्या, "तुमचं नाव साफ हाये. तुमच्याच नावानं जाऊ द्या."

मी विकले. तेच दिवे, तीच चिंचेची चमक, तीच हातानं वळलेली वात. वर्णनात लिहिलं — राजूरच्या खाणीतले अस्सल दिवे, घरच्यांनी जपलेले. लोकांनी भरभरून तारे दिले. 'विश्वासू विक्रेता' असं माझ्या नावापुढे आलं, ते अजून आहे. पैसे त्यांचे त्यांना नेऊन दिले. त्याबद्दल मला चांगला म्हणू नका. दरवेळी त्यांनी जेवू घातलं आणि मी जेवलो.

चीड आलीय ती त्या विश्वासू विक्रेत्याची. ताऱ्यांची पद्धत वाईट आहे, हे मी आजही छातीठोक सांगतो. फुल्यांमागे लपायची सोय तिनं करून दिली. पण त्या दिवशी माझ्या खोलीत कुठल्या फुल्या होत्या? बाई समोर बसल्या होत्या, दोन हातांच्या अंतरावर.

तेरावा दिवा माझ्या माळ्यावर आहे. गेल्या आठवड्यात काढला, रॉकेल घातलं. त्यांच्या वातीवर तो पहिल्या काडीला पेटला.

तो खुलासा मी इंग्रजीत लिहिला, कारण त्यांना तो वाचता येणार नव्हता. हे मराठीत लिहिलंय. आत्ता त्यांच्या फोनवर पाठवतोय. सुलोचनाबाईंना मराठी चांगलं वाचता येतं.