पोस्टरवरचं रिकामं कपाळ
टिकल्यांचं पाकीट घेताना मला जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमचा तो बसस्टॉप हमखास आठवतो. शहरातल्या परदेशी रहिवाशांच्या सल्लागार मंडळासाठी मी निवडणुकीला उभी होते. प्रचाराच्या पोस्टरसाठी जुन्या स्टुडिओत फोटो काढला, तर तिथल्या कुणीतरी फोटोतला चेहरा साफ करताना डाग समजून माझी टिकलीच पुसून टाकली. नेमक्या त्याच आठवड्यात पुण्याहून सासूबाई आल्या. बसस्टॉपवरच्या पोस्टरपुढे त्या थबकल्या आणि बघतच राहिल्या. आता काय ऐकावं लागणार, या धास्तीने मी बसचं वेळापत्रक वाचू लागले. "टिकली नाही, तरी लेक माझा ठणठणीत आहे ना?" त्यांनी विचारलं. "हो, आई." सासरे गेल्यापासून त्यांचंही कपाळ रिकामंच होतं. "मग मी लावली तरी कुणाचं काही बिघडणार नाही. दे एक." हल्ली मी पाकिटं दोन घेते.